आरव्हीतील प्रोपेनचा फ्रीज अधूनमधून बंद पडतो तेव्हा दोष कसा शोधावा

अमेरिकेत स्वतःची आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली प्रवासी गाडी, असणाऱ्या किंवा सुट्टीपुरती भाड्याने घेणाऱ्या मराठी कुटुंबांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. फ्रीज दोन दिवस उत्तम चालतो, तिसऱ्या दिवशी सकाळी दूध कोमट लागते, पॅनेलवर ‘चेक’चा दिवा लागलेला असतो, आणि बटण बंद करून पुन्हा चालू केले की काही घडलेच नव्हते अशा थाटात फ्रीज सुरू होतो. इथेच बहुतेकांचे चुकते. बटण दाबताक्षणी दोषाचा पुरावा पुसला जातो, पुढच्या वेळी तीच गत होते, आणि शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून फ्रीजचे नियंत्रण करणारा महागडा सर्किट बोर्ड बदलला जातो. बोर्डात दोष क्वचितच असतो. पुढील क्रम याच चुकीसाठी लिहिला आहे, आणि त्यात टप्प्यांचा क्रम टप्प्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

हा लेख डोमेटिक, नॉरकोल्ड यांसारख्या शोषण पद्धतीच्या, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेल्या फ्रीजविषयी आहे. त्यात लहानशा ज्योतीची किंवा १२० व्होल्टच्या हीटरची उष्णता अमोनियाचे द्रावण उकळते आणि त्या अमोनियाच्या फिरण्याने आतली उष्णता बाहेर नेली जाते. गॅसवर चालतानासुद्धा बोर्ड, ठिणगी आणि गॅसचा व्हॉल्व्ह यांना बॅटरीचे १२ व्होल्ट लागतातच, ही गोष्ट मनात पक्की ठेवावी.

## तयारी

मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजण्याचे उपकरण), टॉर्च, लहान पाणसळ, मऊ ब्रश, बारीक पॉलिश पेपर, फ्रीजचा थर्मामीटर, अमोनिया नसलेल्या साबणाचे पाणी आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे. गॅसचा दाब मोजण्याचा मॅनोमीटर जवळ असल्यास उत्तम, पण तो वापरण्याची सवय नसेल तर ते मोजमाप प्रमाणित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवावे. मॉडेल आणि अनुक्रमांक फ्रीजच्या आतल्या भिंतीवरील पट्टीवर छापलेला असतो. त्याच क्रमांकाने सुरक्षेसाठी परत मागवलेल्या उपकरणांच्या सरकारी यादीत आपला फ्रीज आहे का, हेही पाहून घ्यावे, कारण आगीच्या धोक्यामुळे डोमेटिक आणि नॉरकोल्ड या दोन्ही कंपन्यांचे काही फ्रीज पूर्वी परत मागवले गेले आहेत.

इशारा: गॅसचा वास आला तर तपासणी तिथेच थांबवावी. कोणतेही बटण न दाबता सर्वांना बाहेर काढावे आणि टाकीचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करावा. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. खिडकी उघडली म्हणजे तो निघून गेला, असे समजू नये. बर्नर उघडण्यापूर्वी टाकी बंद, १२० व्होल्टचा प्लग काढलेला, १२ व्होल्ट तोडलेले आणि चिमणी थंड झालेली असली पाहिजे.

## टप्पा १: फ्रीज बंद पडलेला असतानाच बाहेर जाऊन पाहणे

दूध कोमट लागल्याबरोबर पॅनेलला हात न लावता गाडीच्या बाहेरून फ्रीजमागची खालची जाळी काढावी आणि बर्नरच्या पत्र्याच्या पेटीत डोकावून पाहावे. पहिला प्रश्न एकच: ज्योत आहे की नाही?

ज्योत निळी आणि स्थिर जळत असूनही फ्रीज गार होत नसेल, तर आधी गॅसला दोष देऊ नये. थेट टप्पा ३ पाहावा. ज्योत नसेल, तर आता एका माणसाने पॅनेलवरून फ्रीज बंद करून पुन्हा चालू करावा आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहून ऐकावे व पाहावे. क्रम असा असतो: व्हॉल्व्ह उघडल्याचा ‘खट्’ असा आवाज, ठिणगीची टिकटिक, मग ज्योत. हा क्रम तीन ठिकाणी तुटू शकतो. टिकटिकच ऐकू आली नाही, तर वीज किंवा ठिणगी पाडणारा भाग दोषी आहे. टिकटिक आहे पण ज्योत पेटत नाही, तर गॅस पोहोचत नाही किंवा ठिणगी भलत्या जागी पडते आहे. ज्योत पेटते पण काही सेकंदांत विझते, तर ज्योत आहे हे बोर्डाला कळत नाही. या तिन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि त्यांतील कोणता प्रकार आपला आहे हे ठरल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नये.

तपासणी: पॅनेल ‘ऑटो’वर नसून ‘गॅस’वर आहे ना? गाडी कॅम्पग्राउंडच्या विजेला जोडलेली असताना ‘ऑटो’वरील फ्रीज १२० व्होल्टवर चालतो. अनेकजण घरासमोर विजेच्या जोडणीवर फ्रीज दोन दिवस चालवून पाहतात आणि गॅस ठीक असल्याचा निर्वाळा देतात, प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत ज्योत एकदाही पेटलेली नसते.

## टप्पा २: वहीत नोंद ठेवणे

अधूनमधून येणारा दोष स्मरणशक्तीने सापडत नाही. दर वेळी तारीख, वेळ, बाहेरचे तापमान, वारा, समुद्रसपाटीपासूनची उंची, बॅटरीचे व्होल्ट, टाकीतील गॅस आणि त्या क्षणी चालू असलेली इतर उपकरणे लिहून ठेवावीत. चार-पाच नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते.

आमच्या ट्रेलरचा फ्रीज युटामधील मोॲबजवळ ऑक्टोबरच्या एका सहलीत पाच रात्रींत तीनदा बंद पडला. त्याआधी एका दुरुस्ती करणाऱ्याच्या सल्ल्याने आम्ही बोर्ड बदलून घेतलेला होता आणि पैसे वाया गेलेले होते. वही उघडून तिन्ही नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हा दिसले की तिन्ही घटना पहाटे तीन ते पाचच्या दरम्यानच्या होत्या, आणि तिन्ही वेळी हीटिंगची भट्टी चालू होती. दिवसा एकदाही नाही. मोॲबची उंची सुमारे ४,००० फूट असल्यामुळे विरळ हवेचा (टप्पा ८) संशयही उरला नव्हता.

मात्र इथे घाईने निष्कर्ष काढू नये. भट्टी सुरू झाली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: तिचा पंखा बॅटरीतून मोठा प्रवाह ओढतो आणि तिचा बर्नर गॅस ओढतो. म्हणजे फ्रीजची ज्योत व्होल्ट उतरल्यामुळे गेली की गॅसचा दाब उतरल्यामुळे, हे नुसत्या वेळेवरून कळत नाही. दोन्ही संशयित वेगळे करण्याची सोपी युक्ती अशी. भट्टी बंद ठेवून फ्रीज गॅसवर चालू करावा आणि शेगडीचे सगळे बर्नर एकदम पेटवावेत (खिडकी उघडी ठेवून). शेगडी गॅस खाते, वीज खात नाही. फ्रीजची ज्योत यामुळे लहान झाली किंवा गेली, तर टप्पा ४ कडे जावे. मग शेगडी बंद करून गाडीतील सगळे दिवे, पाण्याचा पंप आणि छताचे पंखे एकदम चालू करावेत; ही मंडळी वीज खातात, गॅस खात नाहीत. फ्रीज आता बंद पडला, तर दोष टप्पा ५ मध्ये आहे. आमच्याकडे शेगडीचे तिन्ही बर्नर पेटवूनही ज्योत हलली नाही. पंप आणि दिवे लावताच विझली.

## टप्पा ३: ज्योत असूनही फ्रीज गार होत नसेल तर

सर्वप्रथम गाडीची पातळी पाहावी. पाणसळ फ्रीझरच्या तळावर ठेवावी, गाडीच्या जमिनीवर नव्हे. साधारणपणे आडव्या दिशेने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश एवढाच कल चालतो. जास्त कललेल्या गाडीत द्रावण परत खाली वाहू शकत नाही, उकळण्याची नळी कोरडी तापते आणि हे नुकसान कायमचे असते. रस्त्यावर धावताना गाडी सतत हलत असल्यामुळे अडचण येत नाही. धोका उतारावर तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीला असतो.

त्यानंतर हवेचा मार्ग तपासावा. खालच्या जाळीतून आत आलेली हवा फ्रीजमागच्या नळ्यांवरील धातूच्या पातळ पट्ट्यांवरून वर जाऊन छतावरच्या झडपेतून बाहेर पडली पाहिजे. छतावर पक्ष्याचे घरटे नाही ना, मागची पोकळी सुटलेल्या इन्शुलेशनने भरलेली नाही ना, हे टॉर्चने पाहावे. दाराच्या रबरात एक डॉलरची नोट अडकवून हलकेच ओढावी. ती सहज निसटली तर रबर हवा सोडते आहे. आमच्या लोकांची एक विशेष चूक इथे सांगितली पाहिजे: प्रवासाच्या सकाळी गरम आमटीचे आणि भाताचे डबे थेट फ्रीजमध्ये ठेवणे. हा फ्रीज घरातल्या फ्रीजपेक्षा फार सावकाश गार होतो. तो आदल्या रात्री सुरू करावा आणि त्यात थंड झालेलेच अन्न, कप्प्यांमध्ये हवा फिरेल एवढी जागा सोडून ठेवावे.

एवढे करूनही सुधारणा नसेल तर फ्रीज १२० व्होल्टवर पूर्ण २४ तास चालवून पाहावा. विजेवर उत्तम आणि गॅसवर कमी गार होत असेल तर ज्योत अशक्त आहे. टप्पा ४ आणि ६ पाहावेत. दोन्हींवर सारखाच निकामी असेल, तर शीतयंत्रणाच गेलेली असू शकते.

इशारा: मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आला, तर फ्रीज ताबडतोब बंद करावा आणि पुन्हा कोणत्याही पद्धतीने चालू करू नये. ती भुकटी सोडियम क्रोमेटची असते आणि विषारी असते. तिला हात लावू नये.

## टप्पा ४: गॅसचा पुरवठा

टाकी नुकतीच बदलली असेल तर नळीत हवा अडकलेली असते आणि पहिले दोन-तीन प्रयत्न फसतात. आधी शेगडी पेटवून ज्योत स्थिर होईपर्यंत जळू द्यावी, मगच फ्रीज सुरू करावा.

टाकीचा व्हॉल्व्ह झटकन उघडणे ही अतिशय प्रचलित चूक आहे. जोडणीतील सुरक्षाझडप एकदम आलेला गॅस म्हणजे नळी फुटल्याचे लक्षण समजते आणि पुरवठा अगदी बारीक करून टाकते. मग एकटा फ्रीज कसाबसा चालतो आणि भट्टी सुरू होताच विझतो. व्हॉल्व्ह बंद करून, सगळी उपकरणे बंद असल्याची खात्री करून, काही मिनिटे थांबून तो अगदी हळू उघडावा. दोन टाक्या आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर असेल, तर त्याचा दांडा भरलेल्या टाकीकडे आहे ना आणि दुसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना, हे पाहावे. टाकी ८० टक्क्यांहून अधिक भरलेली असल्यास द्रवरूप प्रोपेन रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. अशी टाकी गॅस भरणाऱ्याकडे परत न्यावी.

फ्रीजपाशी दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा असावा, आणि तो इतर उपकरणे चालू असतानाही टिकला पाहिजे. एकटा फ्रीज चालू असताना घेतलेले मोजमाप अधूनमधून येणाऱ्या दोषात निरुपयोगी ठरते. दाब घसरत असेल तर रेग्युलेटर बदलावा. त्याचा स्क्रू फिरवून दाब वाढवण्याचा उद्योग करू नये. नव्या रेग्युलेटरचे श्वासछिद्र खालच्या दिशेला ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी त्यात शिरून थंडीत गोठणार नाही. प्रत्येक सोडलेला सांधा पुन्हा जोडल्यावर साबणाच्या पाण्याने तपासावा.

## टप्पा ५: बारा व्होल्टची तपासणी

बॅटरीवर मोजलेले व्होल्ट म्हणजे फ्रीजला मिळणारे व्होल्ट, हा समज सोडून द्यावा. मल्टिमीटरची टोके फ्रीजच्या मागे, बोर्डाच्या जोडांवर लावावीत, आणि तेही दिवे, पंप, भट्टी असा भार चालू असताना. बॅटरीवर १२.५ आणि बोर्डावर १२.२ असेल तर ठीक. बॅटरीवर १२.५ आणि बोर्डावर १०.८ असेल, तर मधले १.७ व्होल्ट एखाद्या गंजलेल्या सांध्यात जात आहेत. साधारण १०.५ व्होल्टच्या आसपास बोर्ड भरवशाने काम करणे सोडतो.

आता काळे टोक बोर्डाच्या ऋण जोडावरून काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला, लांब वायरने, लावावे. आकडा एकदम वर गेला तर दोष अर्थिंगच्या बाजूला आहे. बहुतेक वेळा तो तिथेच असतो, कारण ऋण वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला उघड्यावर, चाकांच्या चिखलात, एकाच स्क्रूने आवळलेली असते. आमचा तो स्क्रू हाताने फिरत होता. वायरच्या टोकाची कडी हिरवट झाली होती आणि तिच्याखालचा लोखंडी भाग गंजाच्या खपल्यांनी भरला होता. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, नवी कडी दाबून बसवली, खाली दातेरी वॉशर घातला, वरून गंजरोधक लावले. बोर्डावरील आकडा भट्टी चालू असताना १०.४ वरून १२.१ झाला. बोर्डाच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च जवळजवळ शून्य होता.

फ्यूज नुसता पाहून चांगला म्हणू नये. काढून त्याची टोके साफ करावीत आणि परत बसवावा. बोर्डाच्या कडेचे जोडही बंद विजेत एकदा काढून पुन्हा दाबावेत.

## टप्पा ६: बर्नर, जेट आणि चिमणी

फ्रीज वर्षातून एकदा तरी साफ झाला पाहिजे, दोष असो वा नसो. टाकी बंद करून बर्नर सोडवावा. चिमणीत एक पीळदार पट्टी तारेला लटकवलेली असते; ती वरून काढून तिच्यावरची काजळी पुसावी आणि योग्य ब्रशने चिमणी आतून घासावी. त्याआधी बर्नरवर कापड झाकावे, नाहीतर खाली पडलेल्या गंजाच्या खपल्या बर्नरच्या फटी बुजवतात आणि साफ केल्यानंतर फ्रीज पहिल्यापेक्षा वाईट चालतो. अशाच खपल्या खडबडीत रस्त्यावर आपोआपही पडतात. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी दोष सुरू होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. पट्टी परत लटकवताना तिची उंची मॅन्युअलप्रमाणे ठेवावी, कारण ती फार खाली उतरली तर ज्योत गुदमरते.

जेट हा बर्नरच्या मागचा अतिसूक्ष्म छिद्राचा भाग. कोळ्यांना आणि मातीचे घर करणाऱ्या कुंभारीण माशीला या नळ्या फार आवडतात आणि धाग्याएवढे जाळेही ज्योत बिघडवायला पुरते.

इशारा: घासलेटच्या स्टोव्हला पिन मारण्याची सवय ज्यांच्या हातात अजून आहे, त्यांनी ती इथे आवरावी. जेटमध्ये पिन, तार किंवा सुई घालू नये. छिद्र केसाएवढे जरी मोठे झाले तरी गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते, काजळी साचते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जेट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवावा आणि आपोआप वाळू द्यावा. तरीही साफ झाला नाही तर नवा बसवावा.

तपासणी: जोडणी झाल्यावर ज्योत निळी, टोकदार आणि चिमणीच्या मधोमध असावी व तिचा हलका, सलग आवाज यावा. पिवळी, लवलवणारी किंवा एका बाजूला झुकलेली ज्योत म्हणजे काम अपुरे राहिले आहे.

## टप्पा ७: ठिणगी आणि ज्योतीची ओळख

हा टप्पा अंधारात करावा, तोही गॅसचा वास नसल्याची खात्री करून. ठिणगी टोकापासून थेट बर्नरवर उडाली पाहिजे. ती मध्येच वायरच्या अंगातून किंवा चिनीमातीच्या तड्यातून पत्र्यावर उडताना दिसली, तर वायर किंवा इलेक्ट्रोड, म्हणजे ठिणगी पाडणारी दांडी, बदलावा. पावसाळी, दमट हवेत बंद पडणाऱ्या फ्रीजमध्ये हा दोष फार आढळतो. इलेक्ट्रोड आणि बर्नर यांतील अंतर मॉडेलप्रमाणे साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते.

ज्योत पेटून विझणाऱ्या फ्रीजमध्ये ज्योत ओळखणारा भाग पाहावा. काही मॉडेलांत हे काम तोच इलेक्ट्रोड करतो. त्याचे टोक ज्योतीच्या आत असले पाहिजे, स्वच्छ असले पाहिजे, आणि बर्नरला सांगाड्याशी चांगली अर्थिंग मिळाली पाहिजे. इतर मॉडेलांत थर्मोकपल, म्हणजे तापल्यावर किंचित वीज निर्माण करणारा भाग, असते. तापलेल्या अवस्थेत ते साधारण २५ ते ३५ मिलिव्होल्ट देते. आकडा कमी आल्यास ते लगेच फेकू नये. आधी त्याचे टोक ज्योतीत आहे का आणि दुसऱ्या टोकाचा जोड सैल झाला आहे का ते पाहावे. हा जोड बोटाने घट्ट करून वर फक्त पाव वेढा द्यावा.

ज्योत दोन-तीन तास चालून मग जात असेल, तर गॅसच्या सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणाऱ्या, व्हॉल्व्हवर लक्ष ठेवावे. त्याची गुंडाळी तापल्यावर तुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. फ्रीज पुन्हा पेटण्याचा प्रयत्न करत असताना व्हॉल्व्हच्या टोकांवर १२ व्होल्ट येत असूनही गॅस येत नसेल, तर व्हॉल्व्हच बदलावा.

## टप्पा ८: वारा आणि उंची

बर्नरच्या पेटीचे झाकण हरवलेले असेल तर बाजूच्या वाऱ्याने ज्योत जाते. झाकण बसवावे, जाळीवर पुठ्ठा किंवा टेप चिकटवून वारा अडवू नये, कारण ज्वलनाची हवा तिथूनच येते. समुद्रसपाटीपासून ५,५०० फुटांहून अधिक उंचीवर प्रोपेनची ज्योत अधूनमधून जाऊ शकते, असे नॉरकोल्ड स्वतःच सांगते. ब्राइस कॅन्यनच्या किंवा यलोस्टोनच्या सुमारे ८,००० फुटांवर फ्रीज रुसला आणि खाली उतरल्यावर सुरळीत चालला, तर काहीही बदलू नये. तिथे तो १२० व्होल्टवर चालवावा.

## टप्पा ९: बोर्डाचा विचार

बोर्डावर भारासहित पुरेसे व्होल्ट आहेत, दाब टिकतो आहे, बर्नर स्वच्छ आहे, इलेक्ट्रोड किंवा थर्मोकपल चांगले आहे आणि तरीही दोष परत येतो, तरच बोर्ड बदलावा. त्याआधी फ्रीजच्या आतील धातूच्या पातळ पट्ट्यांवर अडकवलेला तापमानाचा सेन्सरही तपासावा. डोमेटिकच्या अनेक मॉडेलांत तो बर्फाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटे ठेवल्यावर ७,००० ते १०,००० ओहम दाखवतो.

## दुरुस्तीनंतरची परीक्षा

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिची नोंद करावी. तीन भाग एकदम बदलले तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. नंतर फ्रीज रिकामाच, ‘गॅस’वर, सलग ४८ तास चालवावा, आणि त्यातील किमान एक रात्र भट्टी चालू ठेवावी. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅस या दोन्हींचे अलार्म त्याआधी बटण दाबून तपासावेत. थर्मामीटर हवेत न टांगता पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात ठेवावा आणि सकाळी उठल्याबरोबर, दार पहिल्यांदा उघडताना वाचावा. आकडा ४० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तरच दूध-दही आत ठेवावे. पुढच्या सहलीत कधी आकडा त्यावर जाऊन दोन तास उलटले असतील, तर दूध, मांस आणि शिजवलेले अन्न टाकून द्यावे, आणि पॅनेलला हात लावण्यापूर्वी टॉर्च घेऊन बाहेर जावे.